पूर्णता समन्वयक

उस्मानपुऱ्यात सायकलच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर एक कम्युनिटी कॉलेज आहे. तिथे प्रवेश मिळणं सोपं, आणि निघून जाणं त्याहून सोपं. रुग्णसहायक पदविकेला दर जूनमध्ये चोवीस जण यायचे आणि दिवाळीपर्यंत त्यातले निम्मे दिसेनासे व्हायचे. कुणाला वाळूजच्या कंपनीत काम लागायचं, कुणाचं लग्न लागायचं, कुणाला आपण इथे कशाला आलो होतो तेच आठवत नसायचं. कोर्स मोजून एक वर्षाचा. पण वर्ष किती लांब असतं हे कॉलेजात मास्तरकी केल्याशिवाय कळत नाही.

बिभीषण सर तिथे अकरा वर्षं तासिका तत्त्वावर शिकवत होते. गेल्या वर्षी विद्यापीठाचं परिपत्रक आलं. प्रवेश घेतलेल्यांपैकी पंचाहत्तर टक्के विद्यार्थ्यांनी कोर्स पूर्ण केला नाही, तर पुढचे प्रवेश बंद. प्राचार्या मॅडमनी ते दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि बिभीषण सरांना ‘पूर्णता समन्वयक’ करून टाकलं. टेबलावर तशी पाटी आली. पद नवं होतं, खुर्ची जुनीच.

चोवीसचे पंचाहत्तर टक्के म्हणजे अठरा. त्या अठरासाठी सरांनी काय केलं नाही ते विचारा. एक पोरगा शिक्षण सोडून टेंपो चालवायला लागला होता, तर सर बिडकीनपर्यंत त्याच्या शेजारी बसून गेले आणि वाटेत त्याच्याकडून शरीररचना पाठ करून घेतली. सायली नावाची मुलगी बाळंत होऊन पंधरा दिवस झाले होते. तिने आत पेपर लिहिला आणि बाहेर शिपाई साहेबराव तिच्या तान्ह्या बाळाला खांद्यावर टाकून येरझारा घालत राहिले. एप्रिल संपता संपता सरांच्या वहीत सतरा नावांपुढे बरोबरच्या खुणा झाल्या. अठराव्या नावापाशी मात्र घोडं अडलं.

ते नाव होतं शालूचं. आता हे सरांच्या डोक्यातच शिरेना, कारण शालू वर्गात पहिली होती. सगळ्या विषयांत ऐंशीच्या वर. सलाईन लावायची वेळ आली की बाकीची पोरं एकमेकांकडे बघायची आणि ही बाह्या सारून पुढे व्हायची. पण ‘संवाद कौशल्य’ या विषयाची तोंडी परीक्षा तिने दोनदा चुकवली. पहिल्यांदा ताप आला म्हणाली, दुसऱ्यांदा बस चुकली म्हणाली. राहायला पुंडलिकनगरात, बसायची रिक्षात, आणि चुकली बस. सरांनी विद्यार्थी गळतीचा तक्ता काढला. त्यात कारणांना क्रमांक होते. सरांनी बराच विचार केला आणि दोन नंबरवर खूण केली: कौटुंबिक दबाव.

एकदा खूण झाली की सर मागे हटत नसत. परिपत्रकात लिहिलंच होतं की अशा विद्यार्थ्याच्या घरी पूर्वसूचना न देता भेट द्यावी. रविवारी सकाळची गाडी पकडून सर शालूच्या गावी, लासूर स्टेशनला उतरले. गाडीत त्यांनी भाषण तयार केलं होतं.

शालूचा बाप भिकन मार्केट यार्डात हमाल होता. मेंढरं होती, पण ती आता भाऊ वळायचा. रेल्वे लाईनच्या पलीकडे पत्र्याच्या दोन खोल्या, दारात बाज. सरांना बघून भिकन धडपडत उठला आणि त्याने पहिल्यांदा विचारलं ते, “पोरीला काय झालं का, सर?” शालूची आई सुगंधाबाई चुलीपुढून तशीच उठून दारात आली.

“तिला काही झालेलं नाही,” सर म्हणाले, आणि बाजेवर बसून त्यांनी भाषण सुरू केलं. मुलगी म्हणजे परक्याचं धन ही जुनी समजूत आहे. हुशार मुलीला अर्ध्या शिक्षणातून उठवणं म्हणजे उभं पीक कापणं आहे. तुम्ही तिचे आईबाप आहात की वैरी, हा प्रश्न तुम्ही स्वतःला विचारा. सर चांगलं बोलायचे. दुसऱ्याच्या घरी बसून तर फारच चांगलं.

भिकनने सगळं ऐकून घेतलं. मग गोंधळून म्हणाला, “पर आमी कुठं उठवतोय तिला? सर, मी चौथीत व्हतो. भागाकार चालू झाला व्हता. मेंढरं नगरकडं निघाली, बापानं मलाबी काढलं. मास्तर म्हणलं, राह्यलेला उद्या शिकवतो. त्यो उद्या काय आला नाय. आजबी मला भागाकार अर्धाच येतो. खाली उरतंय त्याचं काय करायचं, ते ठावं नाय. तवाच ठरिवलं, माझ्या लेकराला अर्ध्यातून उठवायचं नाय. वैजापूरचं एक चांगलं स्थळ हाय. पोरगा तलाठी हापिसात हाय. सालभर माघारी लावतोय मी. त्यास्नी म्हणलं, पोरीचं पुरं होऊ द्या, मग बोला.”

सर भारावले. इतका समजूतदार बाप त्यांना अकरा वर्षांत भेटला नव्हता. आणि भारावलं की माणसाची जीभ सैल सुटते. “अहो, मग अडलंय कुठं?” ते म्हणाले. “एक तोंडी परीक्षा राहिलीय, वीस मिनिटांची. तेवढी दिली की झालं तिचं शिक्षण पूर्ण.”

सुगंधाबाई चहा गाळत होती. तिचा हात थांबला.

“पुरं?” भिकन म्हणाला. “कोर्स तीन सालाचा हाय ना?”

“छे, छे. एका वर्षाचा.” सरांनी तत्परतेने पिशवीतून माहितीपत्रक काढलं आणि त्याच्या हातात दिलं. भिकनने बोट धरून एकेक अक्षर वाचलं. कालावधी: एक वर्ष. वाचून त्याचा चेहरा उजळला. लेकीने आपल्याला फसवलं असं त्याच्या मनातसुद्धा आलं नाही. आपणच ऐकण्यात काहीतरी चुकलो असू, असं त्याला वाटलं. “म्हंजी झालंच की,” तो म्हणाला. “एवढी गोड बातमी द्यायला तुमी सोता आलात, सर.”

त्याने शेजारून नवी टोपी नि टॉवेल मागवला, नारळ आणला आणि सरांचा सत्कार केला. सुगंधाबाई सरांना लाईनपर्यंत सोडायला आली. चालता चालता तिने एवढंच विचारलं, “पोरीला सांगून आलता का, सर?”

“नाही. न सांगता जायचं असा नियम आहे.”

“बरं,” ती म्हणाली, आणि माघारी वळली.

परतीच्या गाडीत सर टोपी घालूनच बसले होते. अठरावं घोडं गंगेत न्हाल्यातच जमा होतं.

मंगळवारी दुपारी शालू कॉलेजात आली. सरांनी हसून समोरची खुर्ची दाखवली. ती बसली नाही.

“नावाला जागलात, सर,” ती म्हणाली.

सरांना काही कळलं नाही. लहानपणापासून या नावावरून खूप ऐकलं होतं, पण आपण कुणाच्या लंकेचा भेद फोडला ते ध्यानात येईना. मग शालूने सांगितलं, आणि जसजसं ती सांगत गेली तसतसे सर खुर्चीत खाली खाली जात राहिले.

तीन सालांचा कोर्स तिनेच घरी सांगितला होता. एका खासगी दवाखान्यात ती सकाळच्या पाळीला जात होती आणि संध्याकाळी नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेचा अभ्यास करत होती. त्या परीक्षेला अजून वर्ष हवं होतं. पुंडलिकनगरात तिघींची मिळून एक खोली होती. “त्या खोलीची एक किल्ली माझ्याकडं असती, सर. आमच्या घराला कुलूपच नाय, तर किल्ली कुठली. सव्वीस तारखेला वैजापूरची माणसं येणार हायत सुपारी फोडायला. मी पास झाले की दुसऱ्या दिवशी.”

“पण तुझे वडील तर समजूतदार आहेत. त्यांना सरळ सांगायचंस की लग्न एवढ्यात नको.”

“सगळ्या जगासंगं बोलते मी. दवाखान्यात माणसं अंगावर येत्यात, त्यांच्यासंगं बोलते. बासंगं नाय बोलता येत. त्यो लई चांगला हाय, सर. वाईट असता तर भांडले असते. म्हणून कोर्सच लांबवला. पुरं झाल्याबिगर त्यो हात लावणार नाय, हे पक्कं ठावं व्हतं मला.” तिने टेबलावरची पाटी वाचली. “आता पंचवीस तारखेच्या तोंडीला बा माझ्यासंगं येणार हाय. पुरं झालेलं डोळ्यानं बघायचं म्हणतोय. तुमी मला नापास करा.”

अकरा वर्षांत सरांकडे पास करा म्हणून आमदारांच्या चिठ्ठ्या आल्या होत्या. नापास करा म्हणून कुणी आलं नव्हतं. त्यांनी वही पुढे ओढली. “तुला नापास केलं तर सतराच होतात, शालू. मग कोर्सच बंद पडेल.” बोलून झाल्यावर त्यांना स्वतःची लाज वाटली. पोरीचं अख्खं वर्ष आपल्या जिभेने घालवलं आणि वर तिला टक्केवारी सांगतोय.

“मग ऱ्हाऊ द्या,” शालू म्हणाली आणि जिना उतरून गेली.

ते दिवस सरांना फार जड गेले. जेवताना बायकोने दोनदा विचारलं, काय झालंय. काय सांगणार? समाजाच्या बेड्या तोडायला गेलो होतो, येताना कुलूप घालून आलो. शेवटी चोवीस तारखेला त्यांच्या डोक्यात एक कल्पना आली. कल्पना आली की सरांना राहवत नसे.

संवाद कौशल्याच्या तोंडी परीक्षेत विद्यार्थ्याने रुग्णाच्या नातेवाइकाची समजूत घालून दाखवायची असते. नातेवाईक व्हायचे साहेबराव. चार वर्षांत त्यांनी त्या भूमिकेत नाव काढलं होतं. ते असे काही हुंदके द्यायचे की एका मुलीने परीक्षा सोडून त्यांना पाणी आणून दिलं होतं. पंचवीस तारखेला साहेबराव दाढी वाढवून तयार होऊन आले, तर सर म्हणाले, “आज तुम्ही बसा. नातेवाईक बाहेरून आणलाय.”

“टेन्शन नका घेऊ सर, अपना रोल हाय तो,” साहेबराव म्हणाले. पण सरांनी ऐकलं नाही. बाहेरच्या बाकावर स्वच्छ धोतर नेसून, मांडीवर डबा घेऊन भिकन बसला होता. सरांनी त्याला आत बोलावलं, शालूसमोर बसवलं आणि काय करायचं ते समजावून दिलं. तुमचा पेशंट दवाखान्यात आहे. तुम्हाला त्याला आजच घरी न्यायचंय. त्याला अजून ठेवायची गरज आहे, हे तुम्हाला ही सांगणार.

सरांचा बेत असा की समोरासमोर तर बसवू. पेशंटच्या आडून का होईना, पोर मनातलं बोलून मोकळी होईल. शालूच्याही ते लगेच लक्षात आलं. तिने सरांकडे एकदा पाहिलं, ओठ ओले केले आणि बापाकडे तोंड केलं.

भिकनने परीक्षा मनावर घेतली. आपल्यामुळे पोरीचं नुकसान नको म्हणून तो ताठ बसला आणि म्हणाला, “बाई, आमचं माणूस आमाला आज घरी न्यायचंय.”

शालू बोलेना. पंखा फिरत राहिला. खालच्या दुकानात कुणीतरी सायकलची घंटी वाजवून बघत होतं. “लई दिस झालं,” भिकन म्हणाला. “घरी सगळी वाट बघत्यात.”

शालूचा चेहरा लाल झाला. कपाळावर घाम आला. ती नाटक करत नव्हती. नापास होण्याचं तिच्या मनातही नव्हतं. तिला बोलायचंच होतं, आयुष्यात एवढं कधी बोलावंसं वाटलं नसेल, पण शब्द घशातून वर येईनात. भिकनलाच बघवेना. “बोल की, बाळा,” तो हळूच म्हणाला, आणि आपण नातेवाईक आहोत हे आठवून गप्प झाला.

“आजून थोडं दिस राहू द्या इथं,” शालू म्हणाली. एवढंच. मग तिची मान खाली गेली ती वीस मिनिटं संपेपर्यंत वर आली नाही.

भिकन बाहेर गेला. सरांनी गुणपत्रक पुढे ओढलं. पास व्हायला पन्नासपैकी वीस लागत. याच विषयात त्यांनी ‘नमस्कार’ आणि ‘धन्यवाद’ एवढंच बोलणाऱ्या पोराला बावीस दिले होते. वीस लिहायला काय जात होतं? अठरा पूर्ण, कोर्स चालू, पाटी कायम. वर कोणी विचारणारंही नव्हतं. पण वीस लिहिले तर त्याचा अर्थ ही बोलली असा होत होता, आणि ती बोलली नव्हती. याच्याआधी सरांना गुण देताना असला प्रश्न कधी पडला नव्हता. त्यांनी तिचे शब्द मोजले आणि शब्दाला एक याप्रमाणे सहा गुण दिले. 

भिकन जिन्याच्या तोंडाशी उभा होता. “झालं का पुरं?”

“नाही झालं,” सर म्हणाले. “नापास झाली. बोलता आलं नाही तिला.”

भिकनने डबा काखेत धरला. मग त्याने फोन काढला आणि तिथूनच वैजापूरला लावला. “उद्या येऊ नका, पावणं. पोरीचं पुरं झालं नाय अजून. नाय, अर्ध्यात नाय उठवायची... नसंल थांबायचं तर नका थांबू. आमचा राग नाय.” त्याने फोन ठेवला, डबा शालूच्या हातात दिला आणि जेवून घे म्हणाला.

निकाल लागला. सत्तर पूर्णांक त्र्याऐंशी टक्के. प्राचार्या मॅडमनी दोन दिवस सरांशी बोलणं टाकलं. जूनमध्ये विद्यापीठाचं पत्र आलं, नवे प्रवेश बंद. सरांनी आपली पुस्तकं पिशवीत भरायला घेतली. तेवढ्यात मॅडमना परिपत्रकाचं मागचं पान सापडलं. नोंदणी झालेला एक जरी विद्यार्थी अपूर्ण असेल, तर तो पूर्ण होईपर्यंत, जास्तीत जास्त तीन वर्षं, केंद्र आणि एक शिक्षक चालू ठेवणं बंधनकारक होतं. बाकीच्या सहा जणांनी नावं काढून घेतली होती. नोंदणी एकटीची होती, शालूची.

म्हणजे बघा, पूर्णता समन्वयकाची चूल आता एका मुलीच्या अपूर्णतेवर पेटत होती. मॅडमचा राग गेला. “सर, त्या मुलीवर ताण आणू नका,” त्या मायेने म्हणाल्या. “तिला सवडीने होऊ द्या.”

बुधवारी आणि शनिवारी दुपारी तीनला वर्ग भरू लागला. सर हजेरी घ्यायचे, म्हणजे एक नाव वाचायचे, आणि समोरून ‘हजर’ यायचं. साहेबराव रडायला तयारच असायचे. शालू त्यांची समजूत दोन मिनिटांत घालायची आणि उरलेला वेळ प्रवेश परीक्षेचा अभ्यास करायची. सर तिला इंग्रजीची वाक्यं समजावून द्यायचे. त्या चार-पाच महिन्यांत त्यांनी जितकं मनापासून शिकवलं, तितकं अकरा वर्षांत शिकवलं नव्हतं. दर महिन्याला ते ‘पूर्णतेसाठी केलेले प्रयत्न’ असा अहवाल पाठवायचे आणि तो लिहिताना दर वेळी थोडे ओशाळायचे.

दिवाळीच्या आधीच्या शनिवारी वर्ग चालू असताना सरांचा फोन वाजला. भिकन होता. मागे यार्डातला गलका ऐकू येत होता.

“सर, पोरीचं कवा पुरं व्हईल?”

गेल्या साली हाच प्रश्न सरांनी चोवीस घरांना विचारला होता. आता उत्तर द्यायची पाळी त्यांची होती. “सांगता येत नाही हो,” ते म्हणाले. “बोलायला अजून जमत नाही तिला.” समोर बसलेल्या मुलीने त्याच सकाळी वॉर्डात चार चिडलेल्या नातेवाइकांना शांत केलं होतं, आणि ते तिने सरांना रंगवून सांगितलंही होतं.

भिकन गलक्यातून बाजूला गेला. मग म्हणाला, “जगासंगं जमतं तिला. दवाखान्यात बघून आलो मी मागल्या हप्त्यात, लांबूनच. माझ्याम्होरं जमत नाय. त्या दिशी तुमी मला आत बसिवलं, तवा काय उमगलं नाय. मागून उमगलं. माझ्याम्होरं बोलंल, तवा पुरं झालं म्हणा, सर. आमाला घाई नाय.”

सरांनी शालूकडे पाहिलं. ती वहीत डोकं घालून बसली होती. फोन ठेवून द्यावा, असं त्यांना वाटलं, अगदी खरं वाटलं. अजून अडीच वर्षं हातात होती. पोरीचंही भागत होतं, आपलंही भागत होतं. कुणाचं काही वाकडं होत नव्हतं.

त्यांनी फोन तिच्यापुढे धरला. “तुझे वडील आहेत. बोल.”

शालूने मान हलवली. सरांनी हात तसाच ठेवला. शेवटी तिने फोन घेतला, उठून खिडकीशी गेली आणि पाठ करून उभी राहिली. खिडकीच्या गजावरून तिने दोनदा बोट फिरवलं. मग ती म्हणाली, “बा, कोर्स एकच सालाचा व्हता. मी खोटं बोलले.” आणि त्यापुढे ती बोलतच राहिली. नर्सिंगचं बोलली, खोलीचं बोलली, वैजापूरचं बोलली, लग्न करायचं तेव्हा मी सांगीन म्हणाली. मध्येच रडली, मध्येच हसली. पलीकडचा माणूस एवढा वेळ काय करत होता ते कळत नव्हतं. बहुतेक ऐकत होता. साहेबराव दारात येऊन उभे राहिले आणि आपली पाळी नाही हे ओळखून माघारी गेले.

सरांनी घड्याळ पाहिलं नाही. त्यांनी कपाटातून गुणपत्रक काढलं, शालूच्या नावापुढे पन्नासपैकी सत्तेचाळीस लिहिले आणि सही केली. तीन गुण खोटं बोलल्याबद्दल कापले. आपलं काय होणार ही भीती होतीच, आणि तरीही असा आनंद त्यांना आजवर कुठल्याच निकालाच्या दिवशी झाला नव्हता.

सोमवारी गुणपत्रक प्राचार्या मॅडमच्या टेबलावर गेलं. त्यांनी ते वाचलं, चष्मा काढला, पुन्हा घातला. चोवीसपैकी अठरा झाले होते. बरोबर पंचाहत्तर टक्के, फक्त पाच महिने उशिरा. आणि केंद्र चालू ठेवायला आता अपूर्ण असं कुणीच उरलं नव्हतं.

“सर,” त्या म्हणाल्या, “हिला पास करायची एवढी काय घाई होती?”

“ती बोलली, मॅडम,” बिभीषण सर म्हणाले.